उकर्डाजींचा कोयता

उकर्डाजी कोयता विकत घ्यायला गेले की आधी जोडे काढत, मग डोक्यावरचं पागोटं उतरवून बाजूला ठेवत आणि शेवटी डोळे मिटत. देवळात करायच्या या गोष्टी लोहाराच्या भट्टीपुढे करणारा दुसरा माणूस मी अमरावतीत पाहिला नाही. डोळे मिटून ते कोयता हवेत सावकाश फिरवायचे. तेवढ्या वेळात आसपासची माणसं आपापली डोकी सांभाळत मागे सरकायची. मग उकर्डाजी डोळे उघडायचे, कोयता दोन्ही हातांनी लोहाराला परत द्यायचे आणि अगदी दिलगिरीच्या आवाजात म्हणायचे, "माह्यं काई म्हणणं नाई वो. मनगट नाई म्हणते."

त्यांचं मनगट बहुतेक गोष्टींना नाही म्हणायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोणी दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली की उकर्डाजी उजवं मनगट डाव्या हाताने चोळत त्याच्याकडे बघत बसायचे आणि थोड्या वेळाने निकाल सांगायचे. निकाल ठरलेला असायचा. विचारणाऱ्याने रागवावं तरी कोणावर?

अमरावतीला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. माझे वडील जोशीपण करायचे, उकर्डाजींची काळी जमीन होती, गाडीबैल होते. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि नावही तेच ठेवलं. यमाचं लक्ष जाऊ नये ही त्यामागची युक्ती. ती लागू पडली होती. उकर्डाजी पन्नाशीला आले तरी ताडासारखे उंच आणि बाभळीच्या खोडासारखे चिवट होते.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापल्याड कुठेतरी मोठी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. हे 'म्हणे' मी मुद्दाम लिहितो. लढाई कोण कोणाशी करतंय, हे अमरावतीच्या बाजारात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ती लवकर संपू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. काल चिंध्या पांघरणारा आज जरीचं उपरणं घेऊन फिरत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. एकाने तर घराच्या दाराला चांदीची कडी बसवली आणि ती कोणी काढून नेऊ नये म्हणून तो स्वतः दारात झोपू लागला.

अशा दिवसांत उकर्डाजींना हवा होता एक कोयता. पण तो असा हवा होता की मुक्कामावर दुसरं कुठलंही हत्यार लागू नये.

याला कारण घडलं होतं. आदल्या साली ते कापूस घेऊन अकोल्याला निघाले, तेव्हा गाडीत कुऱ्हाड, कुदळ, विळा, खुरपं, हातोडी, सुरी असं सगळं व्यवस्थित बांधून घेतलं होतं. उमा नदीच्या चिखलात चाक रुतलं. सगळी हत्यारं रुईच्या बोज्यांखाली तळाशी. हत्यार काढायचं तर बोजे उतरवावे लागणार, आणि बोजे उतरवले तर गाडी हलकी होऊन आपोआपच निघणार, मग हत्याराचं काम काय? उकर्डाजी त्या चिखलात गुडघाभर उभे राहून या प्रश्नाचा विचार करत राहिले. मागच्या गाडीवाल्यांनी शेवटी त्यांना आणि गाडीला बरोबरच बाहेर ओढलं.

"देवानं हात दिले दोन," ते मला समजावून सांगत. "एका हातात बैलाचा दोर असते. उरला एक. त्या एका हातात एकच मावते. मंग बाकीचे कायले न्याचे?"

"पण उकर्डाजी, एकच न्यायचं तर कुऱ्हाड का नको?"

"कुऱ्हाडीनं कांदा चिरता येते काय तुमाले?"

"मग सुरी न्या."

"सुरीनं बाभूय तोडून दाखवा."



बाजारातून कोयता परीक्षेसाठी घरी आला की ती परीक्षा आमच्या अंगणात व्हायची, कारण बाभळीचं झाड आमच्या कुंपणात होतं आणि कांदे आमच्या स्वयंपाकघरात होते. आधी कोयत्याच्या पात्यावर नखाने टिचकी मारून ते कान लावत. मग पातं गुडघ्यावर वाकवून सोडत. सरळ झालं तर पुढे जायचं. मग कोयत्याच्या पाठीने जमिनीत मेख ठोकायची, टोकाने चुलीचा खड्डा खणायचा, पात्याने बाभळीची फांदी तोडायची आणि सगळ्यात शेवटी, पातं धोतराला पुसून, माझ्या आईकडे द्यायचं.

"वयनी, एवढा कांदा चिरून पाहा बरं."

"अहो, घरात विळी आहे माझी."

"विळी मुक्कामाले येत नाई वयनी."

आई एकदा कंटाळून म्हणाली, "चिरला जातो हो कांदा, पण त्याला बाभळीचा वास येतो." ती थट्टेने बोलली होती. उकर्डाजींनी कांद्याची फोड उचलली, हुंगली, खाल्ली, पुन्हा हुंगली आणि तो कोयता त्याच पावली परत करून आले. लोहाराने कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. त्या लोहाराने पुढे त्यांना भट्टीच्या जवळपास येऊ दिलं नाही.

अमरावतीचे लोहार संपले. अकोल्याहून येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर कोयते मागवून झाले. बाळापूरचा एक आला, तो लांबीला जास्त होता आणि झुडपात अडकत होता. दुसरा एक आखूड होता, त्याने तोडायला वाकावं लागे, आणि उकर्डाजींची उंची बघता ते वाकणं एकदा सुरू झालं की लवकर संपत नसे. एकाची पाठ जाड, मेखेला उत्तम, पण भाकरी उलटायला निरुपयोगी.

"भाकरी? कोयत्याने भाकरीसुद्धा उलटायची?" मी विचारलं.

"मंग काय हातानं उलटू?" ते म्हणाले.

शेवटी बडनेऱ्याच्या वाटेवर घिसाड्यांचा तळ पडला. गाडीच्या सावलीत भट्टी, नवरा चिमट्यात लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालणारी. उकर्डाजी मला बरोबर घेऊन गेले. जोडे काढले, पागोटं काढलं. बाईने घण खाली टेकवला आणि हे काय चाललंय ते बघत राहिली.

"तयार माल नाई पाह्यजे," उकर्डाजी म्हणाले. "सांगतो तसा घडवून द्या."

"कामं कोनती कराची त्यानं?" बाईने विचारलं.

उकर्डाजींनी सांगायला सुरुवात केली. मुक्कामाची जागा साफ करायची. काट्याचं कुंपण घालायचं. लाकूड फोडायचं. चूल खणायची. मेखा ठोकायच्या. दोर कापायचा. चाकाचा चिखल खरवडायचा. कांदा चिरायचा. भाकरी उलटायची. निखारे सारायचे. बाई शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बावाजी, तुमाले कोयता नाई पाह्यजे. बायको पाह्यजे."

तिचा नवरा हसला. मीही हसलो. उकर्डाजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "बायको होती. आता कोयताच पाह्यजे."

बाईने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चांगलं लोखंड काढ." तो सगळा दिवस उकर्डाजी तिथेच बसून राहिले. पातं जरा जाड झालं की बोट दाखवायचे, ती घण घालायची. तापल्या पात्याला पाणी देताना तिने त्यांना मागे व्हायला सांगितलं, ते झाले नाहीत आणि त्यांच्या मिशीचं एक टोक जळालं. उन्हं कलली तेव्हा कोयता तयार झाला. हातभर लांब, पोटाशी रुंद, टोकाला जरासा बाक, पाठ मेख ठोकण्याइतकी जाड आणि टोकाकडे भाकरी उलटण्याइतकी पातळ. उकर्डाजींनी डोळे मिटले, फिरवला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"काय म्हणतं मनगट?" मी विचारलं.

"चूप हाय," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी हा मोठाच होकार होता.

त्याच साली माघात मला बाळापूरच्या शाळेत मास्तरची जागा मिळाली. उकर्डाजींचा कापूस अकोल्याला निघालाच होता. "बसा माह्या गाडीत," ते म्हणाले. "अकोल्याहून पुढे मीच नेऊन सोडतो बाळापूरले." बाळापूरला त्यांचं काय काम, हे मी विचारलं नाही. मला सोडायला येताहेत, असंच मी धरून चाललो आणि मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले.

आमच्या गाड्यांच्या तांड्यात तिवशाचे किसनजी होते. कापसाने ज्यांना एकदम वर नेऊन बसवलं त्यातले ते एक. त्यांच्या गाडीत हत्यारांची शिसवी पेटी होती. तिच्यात मुंबईहून आणलेला विलायती चाकू होता, ज्यातून छोटी करवत, टोचा आणि आणखी काय काय बाहेर निघायचं. पहिल्याच मुक्कामावर त्यांनी पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. उकर्डाजींनी तो चाकू हातात घेतला, एकेक पातं उघडलं आणि पुन्हा मिटवता मिटवता अंगठा कापून घेतला.

"चांगला हाय," ते अंगठा तोंडात धरून म्हणाले. "घरी ठेवा."

मुक्कामावर किसनजींच्या पेटीची किल्ली शोधण्यात वेळ जायचा, तोवर उकर्डाजींची जागा साफ होऊन चूल पेटलेली असायची. मी माझा शिधा वेगळा शिजवत असे, पण माझ्या चुलीचा खड्डाही त्यांच्याच कोयत्याचा. मग बाकीचे लोक एकेक करून यायचे. "उकर्डाजी, जरा कोयता देता काय?"

"कोयता देत नाई. मी येतो," असं म्हणून ते उठायचे आणि त्या माणसाच्या चुलीपाशी जाऊन स्वतः लाकूड फोडून द्यायचे, भोपळा चिरून द्यायचे. एकदा तर कोणाची भाकरी उलटायला गेले आणि तिथेच बसून अर्धी खाऊन आले. भाकरी उलटायचा प्रयोग खरं सांगायचं तर फारसा साधला नव्हता. ती तव्यावरून उडून राखेत पडायची. उकर्डाजी ती झटकून खायचे आणि भाकरीच कच्ची होती म्हणायचे.

काटेपूर्णेच्या अलीकडे दुपारचा विसावा होता. गाड्या एकीला एक लागून उभ्या, बैल चाकांना बांधलेले, माणसं झाडाखाली आडवी. किसनजी आपल्या गाडीला टेकून चिलीम ओढत होते. वारा सुटला. ठिणगी कुठे गेली ते कोणी पाहिलं नाही. आधी वास आला, मग किसनजींच्या गाडीवरचा वरचा बोजा काळा पडत गेला आणि भसकन ज्वाळ उठली.

रुईला लागलेली आग ज्याने पाहिली नसेल त्याला सांगून कळायचं नाही. ती आवाज न करता धावते. माणसं ओरडत नदीकडे पळाली, पण नदी काही जवळ नव्हती. किसनजी पेटीची किल्ली कमरेला चाचपत जागच्या जागी उभे होते. चाकाला बांधलेली त्यांची पांढरी जोडी दोराला हिसके देत होती आणि गाठ जास्तच आवळत होती. त्यांच्या गाडीला लागून दुसरी गाडी होती ती उकर्डाजींची. आपले बैल जुंपून ती आधी बाजूला करणं उकर्डाजींना शक्य होतं.

ते किसनजींच्या बैलांकडे धावले. एका घावात एक दोर, दुसऱ्या घावात दुसरा. बैल सुटले आणि धुरातून उधळत निघून गेले. मग उकर्डाजी जळत्या गाडीवर चढले. कोयत्याच्या बाकाने पेटलेले बोजे ओढून खाली ढकलू लागले. खाली आम्ही माती टाकत होतो. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या एका बाजूने पेट घेतला, तेव्हा ते इकडून तिकडे उडी मारून गेले आणि तिथलेही जळके बोजे पाडले. कोयत्याचं पातं निखाऱ्यांत घालून घालून लाल झालं होतं. मुठीतून धूर निघत होता तरी त्यांनी तो सोडला नाही.

आग विझली तेव्हा किसनजींचा बहुतेक कापूस गेला होता. उकर्डाजींचाही बराच गेला. बाकीच्या गाड्या वाचल्या. किसनजी पांढऱ्या जोडीच्या गळ्यात हात टाकून रडत होते. उकर्डाजी खाली बसले, कोयता थंड होऊ दिला आणि पात्यावर नखाने टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली. आवाज तडा गेलेल्या माठासारखा येत होता.

"पाणी उतरलं," ते म्हणाले. पातं गुडघ्यावर वाकवलं, ते वाकलेलंच राहिलं.

किसनजींनी अख्खी पेटी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. "हे तुमचं. सगळं घ्या. अकोल्याले नवा कोयता घेऊ, म्हणाल तसा घडवून घेऊ. थांबू आपण तिथी."

"थांबाले वेळ नाई," उकर्डाजी म्हणाले. "पौर्णिमेले बाळापूरले पोचाचं हाय."

अकोल्याला पोचलो तर भाव चढता होता. दोन दिवस थांबलात तर आणखी चढेल, असं जो तो सांगत होता. जळून उरलेल्या कापसाचं तरी सोनं करून घ्या, असं किसनजी हात जोडून म्हणाले. उकर्डाजींनी पहिल्या भेटलेल्या व्यापाऱ्याला सगळा माल देऊन टाकला. अडत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"  बाजारात उकर्डाजींनी गूळ घेतला, तांदूळ घेतले, हिरव्या बांगड्या घेतल्या. लोहारआळीवरून आमची गाडी गेली तेव्हा त्यांनी मान वळवून भट्ट्यांकडे बघितलं आणि बैलांना हाक दिली.

बाळापूर जवळ आलं, दुरून किल्ला दिसू लागला, तेव्हा मी विचारलं, "उकर्डाजी, एवढी घाई माझ्यासाठी नाही, हे आता कळलं मला. इथे काय आहे?"

त्यांनी बैलांचा दोर सैल सोडला. मग म्हणाले, "माही पोरगी हाय इथी. सारजा."

इतक्या वर्षांचा शेजार, पण ही मुलगी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी लहान असताना तिचं लग्न झालं असणार. नंतर ती अमरावतीला आलेली मला आठवत नव्हती.

"ती येईन कशी?" ते म्हणाले. "तिची माय गेली. घरात बाई नाई. बाई नाई त्या घरी सुनेले कोण धाडते? सासरचे चांगले हायेत, पण रीत ते रीत. आन् मले तिच्या घरी पान्याचा घोटही घेता येत नाई."

ती रीत मला ठाऊक होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नसतं. सारजाला अजून मूल नव्हतं.

"मंग मी सालातून एकदा इथी येतो," उकर्डाजी म्हणाले. "नदीकाठी मुक्काम करतो. ती येते एक दिवस. सासू धाडते, नाई म्हणत नाई."

आम्ही मन नदीच्या काठी गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सकाळी उठून पाहतो तर उकर्डाजी कामाला लागले होते. वाकडं पातं दगडावर ठोकून सरळ करायचे, बाभळीवर दोन घाव घालायचे, पातं मुडपायचं, पुन्हा दगडावर. जी फांदी त्यांनी एका घावात उडवली असती तिच्यापाशी ते घामाघूम होऊन झुंजत होते. जळलेली मूठ फुटून तळहात सोलला होता. त्यांनी पागोट्याची पट्टी फाडून हाताला गुंडाळली आणि पुन्हा फांदी धरली.

मला बघवेना. "मी गावातून कुऱ्हाड मागून आणतो," मी म्हणालो आणि निघालोही.

"थांबा मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "गावातलं उसनं आणलं त मंग ते सासरचंच झालं. मले तिचं माहेर बांधाचं हाय. त्याले माह्यंच हत्यार पाह्यजे."

मी परत फिरलो आणि फांद्या ओढायला लागलो. ऊन चढेपर्यंत काट्याचं कुंपण उभं राहिलं, त्याला एक दार ठेवलं. आत निरगुडीच्या फांद्यांचा मांडव झाला. त्याच मोडक्या टोकाने त्यांनी चूल खणली, जमीन खरवडून सारखी केली, खडे वेचले, वर घोंगडी अंथरली. कांदा चिरला. तो चिरला म्हणण्यापेक्षा चेचला गेला.

सारजा आली. बापाच्याच वळणाची उंच, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली, चाल हळू. मागे थोड्या अंतरावर तिचा नवरा होता. तो कुंपणापर्यंत आला, सासऱ्याच्या पाया पडला आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून गेला. सारजाने दारातून पाऊल आत टाकलं आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडू दिला. माहेरी पदर घ्यावा लागत नाही.

मग ती जे बोलायला लागली ते थांबेना. हे काय करून घेतलं हाताचं? मिशी काहून अशी एकीकडे? भाजी खारट, मीठ गंज झालं. भात पाहा कसा गोळा केला. उकर्डाजी प्रत्येक गोष्टीला "होय व माय" म्हणत तिला वाढत होते. हिरव्या बांगड्या तिने लगेच हातात चढवल्या आणि एक फुटली म्हणून बापालाच रागावली. मी माझ्या चुलीपाशी पाठ करून बसलो होतो, पण ऐकू सगळं येत होतं.

जेवण झाल्यावर आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. सारजा घोंगडीवर पाय पसरून गाढ झोपली होती. सुनेला भर दुपारी झोपायला कुठल्या घरात मिळतं? उकर्डाजी तिच्या उशाशी बसून निरगुडीच्या डहाळीने माश्या वारत होते. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर यायला लागली की ते सरकून मध्ये बसत. ऊन सरकत होतं तसे तेही सरकत होते.

मी बाळापूरला राहिलो. पुढच्या पावसाळ्यानंतर सारजाला मुलगी झाली. लढाई संपली होती, कापसाचा भाव खाली आला होता आणि बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या एकेक करून उतरत होत्या. माघात उकर्डाजी आले ते अकोल्याला थोडाच कापूस विकून. त्यांचा जावई गावाबाहेर सामोरा गेला आणि हाताला धरून त्यांना घरी घेऊन आला. मलाही बोलावलं होतं. सासूने पाटाभोवती रांगोळी घातली, पुरणाचं जेवण केलं. डोक्यावर पदर घेतलेल्या सारजाने खालच्या मानेने बापाला वाढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उकर्डाजी लेकीच्या घरी जेवले. नात मांडीवर घेतली. सगळ्यांना वाटलं, सुटला बिचारा त्या काट्याकुट्यांतल्या मुक्कामातून. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो होतो. नदीकडून लाकूड तोडल्याचा आवाज आला म्हणून वाट वाकडी करून गेलो. उकर्डाजी बाभळीच्या फांद्या ओढून कुंपण घालत होते. मांडवाच्या मेखा ठोकून झाल्या होत्या.

"उकर्डाजी," मी म्हणालो, "आता तर रीत आड येत नाही. काल जेवलात ना तिच्या घरी? मग हे कशाला?"

"मी जेवलो ना मास्तर," ते हातातलं काम न थांबवता म्हणाले. "मी जेवलो तिच्या घरी. आता तिनं कोठी जेवावं?"

मग त्यांनी एक मोठी फांदी माझ्याकडे सरकवली. "हे जराशीक धरता काय?"

मी पुस्तकं खाली ठेवली आणि फांदी धरली.